स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा की न घ्यावा : इच्छुकांसाठी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टन अशा थंड मुलखात घर घेऊन बसलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी 'थर्मोस्टॅट म्हणजे गिझरमधला तोच ना?' असे विचारू नये. तोच. इथे तो अख्ख्या घराचा असतो, एवढेच.

त्याचे काम साधे आहे. घर ठरलेल्या आकड्याखाली गेले की तळघरातली गॅसची भट्टी पेटवायची आणि आकडा गाठला की विझवायची. मिनियापोलिसच्या अल्बर्ट बट्झ यांनी १८८५ साली भट्टीची झडप आपोआप उघडमीट करणारे यंत्र काढले, तेव्हापासून हे चालू आहे. १९५३ साली हनीवेल कंपनीने डिझायनर हेन्री ड्रेफस यांच्या हातचा गोल तबकडीवाला थर्मोस्टॅट बाजारात आणला. डावी-उजवीकडे फिरवा, संपले. मग २०११ साली, आयपॉड घडवणाऱ्यांपैकी टोनी फॅडेल यांनी २४९ डॉलरला 'नेस्ट' आणला आणि हा तुमच्या सवयी शिकतो, असे जाहीर केले. म्हणजे एवढी वर्षे जो सांगेल ते ऐकत होता, तो आता आपल्यावर लक्ष ठेवू लागला.

खरेदीआधी भिंत तपासावी. ब्रेकर पाडून जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढावे. आत बारीक रंगीत तारा दिसतील : 'आर'ला वीज, 'डब्ल्यू'ला भट्टी, 'वाय'ला एसी, 'जी'ला पंखा. इच्छुकाने शोधायची ती 'सी'ची तार. जुन्या घरांत ती बरेचदा नसते. असलीच तर कधी भिंतीत मागे दुमडून ठेवलेली असते. ती नसेल तर या बुद्धिमान यंत्राला बरेचदा स्वतःच्या पडद्यापुरतीही वीज धड मिळत नाही आणि मग जास्तीचा अडॅप्टर किंवा इलेक्ट्रिशियन, दोन्हीपैकी एक खर्च येतोच. झाकणाखाली जाडजूड तारा निघाल्या तर तुमच्याकडे २४० व्होल्टचे बेसबोर्ड हीटर आहेत. नेहमीचे स्मार्ट थर्मोस्टॅट त्यावर चालत नाहीत. झाकण लावावे, चहा टाकावा, पुढचे वाचू नये.

आता हिशेब. 'एनर्जी स्टार' या सरकारी योजनेच्या मते अशा यंत्रामुळे घर तापवण्या-थंड करण्याच्या खर्चात सरासरी आठ टक्के बचत होते. समजा हा खर्च वर्षाला १,२०० डॉलर आहे. तर वाचले ९६. यंत्राची किंमत अडीच-पावणेतीन वर्षांत सुटते. वीज कंपनी सवलत देत असेल तर आणखी लवकर. पण हे आठ टक्के येतात कुठून? घर रिकामे असताना किंवा सगळे झोपलेले असताना भट्टी कमी चालवण्यातून. हेच काम वेळापत्रक लावायचा तीस-चाळीस डॉलरचा साधा थर्मोस्टॅटही करतो. फक्त वेळापत्रक आपल्याला लावावे लागते आणि ते कोणी लावत नाही. म्हणूनच २००९ अखेर एनर्जी स्टारने त्या साध्या यंत्रांचा बिल्ला काढून घेतला. वरचे दोनशे डॉलर आपण आपल्या आळसापोटी मोजतो, हे इच्छुकाने मनाशी मान्य करावे.

म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना : घरात माणसे किती आणि कोणती, हे मोजावे.

दोघेही ऑफिसला आणि मुले शाळेत जात असतील, तर बेलाशक घ्या. पण आई-बाबा व्हिसावर सहा महिन्यांसाठी आले असतील तर थांबा. आता घर रिकामे कधीच नसते. आठ टक्क्यांमधला मोठा हिस्सा विमानतळावरच गेला. शिवाय यंत्राला आई-बाबा दिसत नाहीत. घरात कोणी आहे की नाही, हे ते बैठकीतल्या हालचालीवरून आणि तुमच्या फोनच्या ठावठिकाण्यावरून ताडते. तुमचा फोन ऑफिसात. आई मागच्या खोलीत आडवी झालेली, बाबा डोळे मिटून माळ ओढताहेत. यंत्राच्या लेखी घर ओस आहे. ते इमानेइतबारे पारा बासष्ट फॅरेनहाइटवर नेते.

संध्याकाळी तुम्ही येता. आई शाल, स्वेटर, वर आणखी एक शाल अशी सोफ्यावर. "अरे, हे मशीन माझ्यावर रागावलंय का?" तुम्ही समजावता की अडुसष्ट म्हणजे वीस सेल्सियस, सरकारच तेवढे ठेवा म्हणते. "सरकारला संधिवात नाही," असे उत्तर येते आणि त्यावर तोड नाही. दुसऱ्या दिवशी बाबा पंचाहत्तर करतात आणि 'होल्ड' दाबतात. 'होल्ड' दाबले की सगळे शिक्षण, सवयी, वेळापत्रक बाद. तुम्ही ऑफिसातून फोनवर पुन्हा अडुसष्ट करता. बाबा पुन्हा पंचाहत्तर. सूनबाई मीटिंगमध्ये, तिला दोन्ही सूचना येतात. खोलीखोलीत ठेवायचे वेगळे सेन्सर मिळतात, त्यांनी आई सापडते. पण मग बचत सापडत नाही.

गॅसच्या भट्टीऐवजी विजेवरचा हीट पंप असणाऱ्यांनी रात्री पारा फार खाली नेऊ नये. पहाटे तो भरून काढायला विजेची जळती सळई चालू होते आणि रात्रीची कमाई न्याहारीपर्यंत उडते.

वीज कंपनीच्या सवलतीची कलमे वाचावीत. जून २०२१ मध्ये टेक्सासात उकाडा भडकला, तेव्हा अशाच योजनेत नाव घातलेल्या काही घरांच्या थर्मोस्टॅटचा आकडा, एसी कमी चालावा म्हणून, दुरूनच वर नेण्यात आला. बक्षिसाच्या कूपनखाली संमती दिल्याचे लोकांना घामाघूम झाल्यावर आठवले. आणि यंत्राच्या आयुष्याचेही पाहावे : नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा फोनशी संबंध मालक गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये तोडला. हनीवेलची गोल तबकडी अजून कित्येक भिंतींवर फिरते आहे.

एवढे करून घेतलाच, तर जुना टाकू नये. जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या कुपीत पारा असतो, तो कचऱ्यात जाता कामा नये. तारा न जोडता तो आई-बाबांच्या खोलीत नीट ठोकून द्यावा. अमेरिकी कार्यालयांत हा उपाय जुनाच आहे. बाबा रोज सकाळी तो पंचाहत्तरवर नेतील आणि दहा मिनिटांनी म्हणतील, "आता कसं बरं वाटलं!"