लॉबीत पाय

आमच्या नगर जिल्ह्यात लॉबी म्हटलं की लोकांना आधी साखर आठवते. त्या लॉबीत नुसता पाय पडला तरी माणसाच्या दोन पिढ्यांचं भलं होतं. कबड्डीच्या लॉबीत कुणाला न शिवता पाय पडला, तर माणूस बाद. हा फरक राहात्यातल्या लोकांना समजावून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि एकदा अर्धी दाढीही.

दाढीचं आधी सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. शनिवारी आमच्याकडं दाढीला सहसा कुणी बसत नाही, म्हणून मी बसतो. दुकान रिकामं असतं आणि टीव्हीचा रिमोट हातात मिळतो. सलूनवाल्याला सगळा बाजार मामा म्हणतो. त्याचा वस्तारा गळ्यापाशी असल्यामुळं त्याच्याशी कुणी वाद घालत नाही, एवढीच त्याच्या शहाणपणाची ख्याती. त्या दिवशी हांगचौला आशियाई खेळांतला कबड्डीचा अंतिम सामना होता, भारत आणि इराण. २०१८ साली जकार्त्याला याच इराणनं आपल्याला उपांत्य सामन्यात २७-१८ असं धुतलं होतं. १९९० पासून ओळीनं सात सुवर्णपदकं आणणारा आपला संघ तेव्हा पहिल्यांदाच सोन्याविना घरी आला. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, असं मी सांगतो. घरच्यांची आठवण थोडी वेगळी आहे.

हांगचौच्या संघात आपला अस्लम इनामदार होता. टाकळीभानचा. टाकळीभान तसं श्रीरामपूर तालुक्यात, पण देशाच्या संघात गेलेला गडी तालुक्यात मोजत नाहीत, जिल्ह्यात मोजतात. सामना हरला असता तर तो पुन्हा श्रीरामपूरचा झाला असता.

तर, शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलं होतं. गुण २८-२८. माझा डावा गाल साफ, उजव्यावर फेस. दुकान रिकामं होतं असं म्हणालो खरं, पण तोवर आरशात मावणार नाहीत एवढी माणसं दारात जमली होती. पवन सेहरावत करो या मरोच्या चढाईला गेला. आणि गेला तो कुणालाही न शिवता थेट लॉबीत. त्याला धरायला इराणचे गडी मागोमाग लॉबीत घुसले.

सगळं दुकान एकदम बोलायला लागलं. मामाचा वस्तारा माझ्या हनुवटीखाली थांबला.

“पवन बाद,” मामा म्हणाला.

“आणि त्यांचे सगळे पण बाद!” मी म्हणालो. मानेखाली पातं असताना माणूस खोटं बोलत नाही, हे लक्षात घ्यावं.

मग मी मामाच्या फळीवरचा कंगवा आडवा ठेवला. ही सीमारेषा. पावडरचा डबा म्हणजे पवन, ब्रश आणि कात्र्या म्हणजे इराण. झटापट होईपर्यंत लॉबी ही मैदानाच्या बाहेरचीच जागा. जुन्या नियमात शिवाशिवीच्या आधी तिथं जो गेला तो बाद, मग तो चढाईचा गडी असो की पकडीचा. प्रो कबड्डीवाल्यांनी त्यात बदल केला. चढाईवाला न शिवता लॉबीत गेला की तो एकटा बाद, खेळ तिथंच संपला, मागून कोण आलं ते मोजायचं नाही. आता हांगचौला कुठला नियम लावायचा? पंचांनी आधी एक सांगितला, मग दुसरा, मग परत पहिला. निर्णय विरुद्ध गेला की इराणवाले मॅटवर बसायचे, फिरला की आपले बसायचे. सामना जवळजवळ तासभर थांबला. मॅटवर बसायची ही पद्धत आमच्याकडं तहसील कचेरीसमोर चालते, तिथंही निर्णय एवढ्याच वेगानं फिरतात.

तासाभरात माझ्या उजव्या गालावरचा फेस वाळून त्याची फक्की झाली.

फक्की म्हणजे मैदान आखायचा चुना. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दोन खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची आणि मुठीनं किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यानं सुतळीवरून चुना सोडत जायचं. डबा हलवणाऱ्याचा हात सरळ लागतो आणि फुंकर मारणारं पोर लांब लागतं. पुरुषांचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर, त्यात दोन्ही अंगांना एकेक मीटरची लॉबी. मधली रेषा, निदान रेषा, बोनस रेषा सगळ्यांना पाठ असतात. लॉबीची रेषा मात्र कायम शेवटी मारतात, आणि तोवर चुना संपत आलेला असतो. आमच्या भागातली कबड्डीची निम्मी भांडणं खेळामुळं होत नाहीत, अर्धी गोणी चुना वाचवल्यामुळं होतात, हे माझं ठाम मत आहे.

कारण त्या भांडणांपैकी एकात मी स्वतः होतो. हांगचौच्या दहा-एक वर्षं आधीची गोष्ट. जवळच्या एका गावात जत्रेनिमित्त स्पर्धा होती, पासष्ट किलो वजनी गट. गाव सांगत नाही, माझी पेरूची गाडी अजून तिथूनच जाते. ६५ किलोंचा गट म्हटला की पोरं दोन दिवस आधीपासून उपाशी. दुपारच्या उन्हात स्वेटर घालून पळायचं, पेरूची एक फोड चोखायची आणि पेरूची कॅरेट मोजायच्या काट्यावर श्वास धरून उभं राहायचं. वजन बसलं की तिथंच सहा वडापाव. मैदानात उतरतो तो गडी ६५ किलोंचा नसतोच, पण ते कुणी पुन्हा मोजत नाही.

आमच्या संघाच्या निवडीलाही मी हजर होतो. निवड समिती तिघांची: एक जुना खेळाडू, एक शाळेतले सर आणि एक जर्सी देणारे. जुना खेळाडू बोलला, सर बोलले. मग जर्सी देणारे म्हणाले, “डाव्या कोपऱ्यात आपला पुतण्या.” डावा कोपरा ही पकडीची सगळ्यात नाजूक जागा. चढाईवाला पहिला हात तिथंच घालतो, आणि तिथल्या गड्यानं योग्य क्षणी खाली बसून घोटा धरायचा असतो. पुतण्या अंगानं चांगला होता, पण खाली बसायचा नाही. नवी जर्सी मळते म्हणून.

त्या दिवशी नेमलेल्या पंचांपैकी एकाची एसटी चुकली आणि मला शिट्टी मिळाली. आमच्या खेळात मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. लाउडस्पीकरवरच्या माणसानं एका वादात “याचा निर्णय सरपंच देतील” असं पुकारल्याबरोबर गावचे खरे सरपंच मंडपातून उठून मैदानात आले. त्यांनी दोन्ही संघांना एकेक गुण देऊन टाकला आणि नारळ मागवला. तो निर्णय रद्द करायला आम्हाला वीस मिनिटं लागली. त्यानंतर शेवटच्या पाच मिनिटांत पाहुण्या संघाचा एक गडी कुणालाही न शिवता माझ्या बाजूच्या लॉबीत गेला आणि त्याच्या मागं आमचा पुतण्या, पुतण्याच्या मागं त्याचा मित्र.

मी तिघांनाही बाद दिलं. पुस्तकात तसंच होतं. पाहुण्यांना दोन गुण, आम्हाला एक. आम्ही एका गुणानं हरलो.

“लॉबी कुठंय इथं?” पुतण्यानं विचारलं. खाली बघितलं तर फक्की पायांनी पुसलेली. मग मी त्या तिघांना बसवून तळपाय दाखवायला लावले. तिघांच्याही तळव्यांना चुना. मला वाटलं, पुरावा झाला. पण त्या मैदानात तळव्याला चुना नाही असा एकही माणूस नव्हता, त्यात मीही आलो. एका प्रेक्षकानं माझी कॉलर धरली. कपडे धरणं कबड्डीच्या नियमात बसत नाही, हे मी त्याला सांगितलंसुद्धा. परत निघालो तेव्हा मोटरसायकलच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. गाडी ढकलत मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी नियमाचं ते कलम तोंडपाठ म्हणत होतो.

साईबाबा शिर्डी सोडून निमगाव आणि राहात्यापलीकडं गेले नाहीत, असं सांगतात. हद्द पाळण्याचा एवढा मोठा दाखला पाच किलोमीटरवर असून आमची ही तऱ्हा.

आता परत हांगचौ. तासाभरानं निकाल लागला: जुना नियम. भारताला तीन, इराणला एक. सामना ३३-२९ असा आपण जिंकला. दारात पोरं नाचायला लागली, आणि सगळ्यांत मोठ्यानं “लॉबीत गेला तो बादच असतो, पुस्तकात हाय!” असं ओरडणारा माणूस मला ओळखीचा वाटला. तो कॉलरवाला होता. आता जरा जाड झालाय. मी फेसासकट उठलो आणि म्हणालो, “भाऊ, तेव्हा मी हेच देत होतो.” तो माझ्याकडं नीट बघून म्हणाला, “काका, आधी दाढी तर करून घ्या.”

खरं सांगायचं तर त्या तासाभरात माझंही मत दोनदा फिरलं होतं. नियम आपल्या बाजूनं लागला की तो कायदा, समोरच्याच्या बाजूनं लागला की पळवाट. बडोद्याला १९२३ साली कबड्डीचे नियम छापले गेले, त्याला हांगचौच्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली, आणि अंतिम सामन्यात कुठलं पुस्तक उघडायचं हेच ठरेना. जुन्या काळी तर या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, नुसते गुण मोजायचे. कबड्डीतून तो प्रकार गेला. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत टिकून आहे.

आणि निवडीचं म्हणाल, तर सलूनमधली निवड समिती जर्सीवाल्यापेक्षा फार वेगळी नाही. त्या शनिवारी इराणच्या डाव्या कोपऱ्यातल्या मोहम्मदरेझा शादलूला दुकानानं ज्या शिव्या दिल्या, त्या इथं छापता येणार नाहीत. ९ ऑक्टोबरला प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. सोमवारी संध्याकाळी तो ‘आपला शादलू’ झाला होता. त्याचा कर्णधार अस्लम. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं, तेव्हा मामानं दुकानात पेढे वाटले. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडं गेला आणि हरियाणा जिंकली. “तो पहिल्यापासून तसलाच,” मामा म्हणाला.

जर्सीवाल्यांचा पुतण्या आता स्वतःच जर्सी देतो. यंदा जत्रेला पंच म्हणून यायचं त्यानं मला निमंत्रण धाडलंय. मी येईन. शिव्या द्या, हवा सोडा, खऱ्या सरपंचांना मधे घाला, माझी काही तक्रार नाही. चुन्याची एक गोणी मी स्वतः आणतोय. लॉबीची फक्की तेवढी आधी मारा, आणि जाड मारा.