परदेशी डोंगरात जेवायला बसण्यापूर्वी

जॉर्जियात तिबिलिसीहून एका दिवसात काझबेगी करून येणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सहलीच्या पत्रकात अनानुरीचा किल्ला, ज्वारी खिंड आणि गेर्गेतीचे चर्च ठळक छापलेले असते. ‘दुपारचे जेवण स्थानिक कुटुंबात’ ही ओळ तळाशी, बारीक अक्षरांत असते. जाणत्याने ती आधी वाचावी व पुढील नियम पाळावेत.

नियम १. पोट रिकामे ठेवावे. हॉटेलचा नाश्ता फुकट आहे म्हणून चार अंडी हाणू नयेत. रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा, वळणांचा, आणि खिंड जवळपास २,४०० मीटर उंचीवर. अंड्यांनाही उंची सोसत नाही. आईने ‘अडीनडीला असावे’ म्हणून घेतलेला गुळपापडीचा डबा पिशवीतच राहू द्यावा. अडचण येणार आहे, पण ती उपासमारीची नव्हे.

नियम २. चार शब्द शिकून घ्यावेत. जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील. ‘पुरी’ म्हणजे पाव; तो ‘तोने’ नावाच्या, आपल्या तंदूरच्या जातीतल्या भट्टीत भाजतात. ‘चाचा’ म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याची कडक दारू. तेव्हा मामांनी चाचा पुढे केला तर नातेवाईक शोधू नयेत. चौथा शब्द ‘अरा’, म्हणजे नाही. हा नीट घोकावा. उपयोग होत नाही, पण घोकावा.

नियम ३. शाकाहारी असल्यास आदल्या दिवशीच कळवावे. ऐनवेळी सांगितल्यास घरातल्या आजी, म्हणजे ‘बेबिया’, आपल्याकडे नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाकडे पाहावे तशा पाहतात. मग ताटात लोबियो येतो, म्हणजे मातीच्या भांड्यातली राजम्याची दाट उसळ, वर कोथिंबीर. मागोमाग अक्रोडाचे वाटण भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या, चीज भरलेली खाचापुरी, आणि बटाट्याच्या खिंकाली. आपण मांस सोडले याचे दुःख त्यांना होते आणि ते त्या आपल्याच ताटात भरून काढतात.

नियम ४. खिंकालीला काटा लावू नये. खिंकाली दिसते मोदकासारखी, म्हणून मराठी माणूस गाफील राहतो. तिला शेंडीला धरून उलटी करावी, कडेला लहानसा घास घ्यावा, मांसाची असल्यास आतला गरम रस्सा आधी ओढून घ्यावा आणि मग उरलेली खावी. काटा टोचला की रस्सा ताटात आणि अब्रू टेबलावर. शेंडी खायची नसते, ताटातच ठेवायची असते. त्यामुळे किती खाल्ल्या हे लपवता येत नाही. ‘मी दोनच घेतल्या’ म्हणणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या ताटात अकरा शेंड्या होत्या.

नियम ५. आईला स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. आमची गेली. ‘मी देते की करून,’ ती मराठीत म्हणाली. बेबियांनी जॉर्जियनमध्ये उत्तर दिले आणि पाचव्या मिनिटाला दोघींचे हात पिठात. कळ्या पाडण्याबाबत दोन्ही देशांचे एकमत झाले. तंटा शेंड्यावर. आईने सवयीने मोदकाचे नाक काढले. बेबियांनी ते दाबून बसवले. आईने पुन्हा वर ओढले. मोदक वाफेवर उकडतात, खिंकाली थेट उकळत्या पाण्यात सोडतात. आईची तिथे उकलली. ‘त्यांचं पीठच वेगळं,’ ती म्हणाली.

नियम ६. चर्च आधी, जेवण नंतर. चौदाव्या शतकातले गेर्गेतीचे चर्च २,१७० मीटरवर आहे. मागे पाच हजार मीटरचा काझबेग उभा असतो, असे म्हणतात. आम्ही जेवून निघालो तोवर तो ढगात गेला होता आणि चढण्याइतके आमच्यात कोणी उरले नव्हते.

नियम ७. ‘पुरे’ म्हणण्याच्या पद्धती. रिकामे ताट म्हणजे आमंत्रण. भरलेले ताट म्हणजे ‘आवडलं नाही वाटतं?’ ताटावर हात आडवा धरल्यास बोटांच्या फटीतून वाढले जाते. ‘अरा, अरा’ म्हटल्यास ‘चामे, चामे’, म्हणजे खा, खा, असे उत्तर मिळते. पोट धरून कण्हल्यास औषध म्हणून चाचा येतो. पाहुणा देवाने धाडलेला असतो, अशी तिथली म्हण आहे. देवाला भूक नसेल, ही शक्यता तिकडे धरत नाहीत. आपल्याकडे तरी कुठे धरतात?

एकच उपाय लागू पडताना पाहिला. निघताना आईने पिशवीतून डबा काढला आणि बेबियांच्या हातावर गुळपापडीची वडी ठेवली. त्यांनी ती खाल्ली. आईने दुसरी पुढे केली.

‘अरा, अरा,’ बेबिया पोटावर हात ठेवून म्हणाल्या.

आईला जॉर्जियन येत नाही. तिने आणखी दोन वाढल्या.