नवे सर आले हो!

शाळेला नवे पीटी सर आले की महागावात काय नि शेजारच्या उमरखेड-पुसदला काय, पहिला प्रश्न ठरलेला: "सर, यंदा टीम जिल्ह्यावर जाते नं?" सरांना अजून भाड्याची खोली मिळालेली नसते, मस्टरवरची पहिली सही वाळलेली नसते. पण टीम यवतमाळला गेली पाहिजे, जमलं तर अमरावतीला विभागावरही. मागचे सर रिटायर होऊन किती वर्षं झाली, मधल्या काळात शिट्टी कोणाच्या ड्रॉवरमध्ये होती, हे कोणी काढत नाही. माणूस आला ना, मग आता चमत्कार दाखवा.

संघबांधणीची आपली रीत साधी आहे. आधी पद रिकामं ठेवायचं. मग आरडाओरड झाली की ते भरायचं. मग भरलेल्या माणसाला क्षणभर रिकामं बसू द्यायचं नाही.

पद रिकामं राहण्यामागे मोठी सरकारी मेहनत असते. २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीच बंद झाली. पुढे २०१७ मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. शिक्षण हक्क कायदा त्याआधीच, २००९ साली आला होता. सहावी ते आठवीत शंभरावर पोरं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक द्यावेत, असं त्याच्या अनुसूचीत लिहिलंय. शंभराच्या आतल्या शाळेतल्या पोरांना बहुधा हातपाय नसतात. आणि हायस्कूलला माणूस मिळालाच, तर पहिली तीन वर्षं तो शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकच्या सेवकाला महिना १८ हजार मानधन आहे, त्याआधी ते आठ हजार होतं. म्हणजे ज्या माणसाकडून आपण जिल्ह्याची ट्रॉफी मागतोय, त्याची सगळी गणितं महिन्याच्या वीस तारखेला अडतात.

आता फुटबॉलकडे येऊ. फुटबॉलच्या बाबतीत सरकारनं काहीच केलं नाही, असं कोणी म्हणू नये. १५ सप्टेंबर २०१७, वार शुक्रवार. सतरा वर्षांखालच्या पोरांचा फिफा विश्वचषक ऑक्टोबरात भारतात होणार होता, नवी मुंबईतही सामने होते. त्या आनंदात राज्यानं 'मिशन वन मिलियन' काढलं. एका दिवसात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा! शाळाशाळांत चेंडू वाटले. मंत्र्यांनी लाथा मारल्या, चेंडूलाच. अधिकारी टोप्या घालून मैदानात उतरले, फोटो निघाले, अहवाल वर गेले. शनिवारी सकाळी पोरं विचारायला आली, "सर, आज?" आजचं मिशन नव्हतं.

विश्वचषकात आपली पोरं अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशी हरली. जिक्सन सिंगनं केलेला एकमेव गोल हा फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव होता. तो काही एका शुक्रवारी घडला नव्हता. त्याच्यामागे तालमींच्या नावानं फुटबॉल खेळणारं, पाटाकडील नि दिलबहारच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरवणारं गाव होतं, आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतली रोजची घासाघीस होती. रोजची. हा शब्द शासन निर्णयात क्वचितच सापडतो.

वाटलेल्या चेंडूंचं पुढे काय झालं? ते डेडस्टॉक रजिस्टरला चढले. एकदा तिथं चढलेली वस्तू खेळायची नसते, मोजायची असते. चेंडू फुटला तर उत्तर कोण देणार? त्यापेक्षा कपाटात बरा. नवे सर हिंमत करून कपाट उघडायला लावतात. किल्ली बाबूंकडे, बाबू पंचायत समितीत, पंचायत समिती जेवणाच्या सुट्टीत. अखेर चेंडू बाहेर येतो. वरचे षटकोन सुटून कडा वळलेल्या, हवा तर कधीच गेलेली. पंप आहे, पिन नाही. सर चेंडू काखेत मारून हायवेवरच्या सायकल-पंक्चरच्या दुकानात जातात. दुकानदार डब्यातून पिन शोधतो, थुंकी लावून ओली करतो, व्हॉल्व्हमध्ये हळूच सरकवतो नि हवा मारतो. चेंडू फुगतो, टम्म होतो, आणि शिवणीतून फुस्स करत पुन्हा बसतो. "ब्लॅडर गेलं सर. नवाच घ्या." मग सर नवा घेतात. पैसे कोणाचे, हे सुज्ञास सांगणे न लगे. त्या १८ हजारांतलेच.

आता मैदान. फुटबॉलचं प्रमाण मैदान साधारण १०५ मीटर लांब नि ६८ मीटर रुंद. कबड्डीचं मोठ्या माणसांचं मैदान १३ बाय १०. कबड्डी आपल्या रक्तात आहे वगैरे भाषणं आपण ठोकतो. खरं कारण मीटरमध्ये आहे. कबड्डी मावते. शाळेच्या पटांगणात झेंड्याचा ओटा, आमदार निधीतून बांधलेलं नि पडदा नसलेलं स्टेज, हेडसरांची गाडी आणि बोअरवेल एवढं वगळून जे उरतं, त्यात कबड्डी बसते. फुटबॉल बसवायचा तर एक गोलपोस्ट ओट्याला नि दुसरा बोअरवेलला बांधावा लागेल.

तेही जमवलं, तर जमीन काळी. आपल्या कापसाच्या मातीचं कौतुक जगभर आहे, पण ती कापसाला बरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक कोणी पुण्यात बसून केलं कोण जाणे, तालुका-जिल्ह्याच्या फेऱ्या नेमक्या पावसाळ्यात. पोरगं अनवाणी धावतं, दहा पावलांत प्रत्येक पायाला अर्धा किलो चिखल. ते चेंडूला लाथ मारतं, चेंडू तिथंच, चिखल पुढे. एप्रिलमध्ये मैदान कोरडं ठक्क होतं, तेव्हा परीक्षा. मे महिन्यात भेगांत पाय मुरगळायची सोय होते, तेव्हा सुट्ट्या.

मैदानाला इतरही दावेदार असतात. सभा, लग्नाचा मंडप, गणपती, नवरात्र, शेतकरी मेळावा, आणि हेलिकॉप्टर. कोणा मोठ्या माणसाचं हेलिकॉप्टर उतरणार म्हटलं की रातोरात मुरूम पडतो, रोलर फिरतो, पांढरा एच उमटतो. एवढ्या निगुतीनं गोलची डी कधी आखलेली पाहिली नाही.

सर मात्र चिवट असतात. ते म्हणतात, मैदान नसू दे, वेळ तर द्या. आणि इथं खरी मेख आहे. पीटीचा तास म्हणजे सामायिक बांधावरचं आंब्याचं झाड. मालकी कोणाचीही असो, येणारा-जाणारा दगड मारतोच. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या पीटीचा तास. विज्ञानाचं प्रात्यक्षिक उरलं, घ्या पीटीचा तास. शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार अपडेट, लसीकरण, रक्षाबंधनाचा कार्यक्रम, सगळं त्यातच. दहावीच्या वर्गाला तर पीटीचा तास वेळापत्रकात फक्त अधिकाऱ्यांच्या भेटीपुरता असतो. कोणी गणिताचा तास फुटबॉलसाठी मागून पाहावा. स्टाफरूममध्ये चहा मिळणार नाही.

तास गेला तरी सर उरतात, म्हणून मग सरांना कामं. "तुमचा काय विषय नाही, तुम्ही मोकळेच." मोकळा माणूस आधी मतदारयादीत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत. फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. निवडणुका आपल्याकडे किती, ते मोजा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपंचायत, ग्रामपंचायत, पोटनिवडणूक. त्यातून सुटले तर खिचडीच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसची माहिती, प्रभातफेरी. संघाचे प्रशिक्षक फुलसावंगी रोडवर घरोघर जाऊन विचारत असतात, "घरात अठरा पूर्ण कोण झालं?" संघातली सगळी पोरं सतराखालची असल्यानं त्यांची गाठ पडत नाही.

पोरांचीही अडचण आहे. जूनमध्ये चाळीस जण नाव देतात. पोळ्यापर्यंत पंचवीस उरतात. सोयाबीन सोंगणीला आलं की बचाव फळी वावरात. कापूस फुटला की मधली फळी वेचणीला. गोलकीपर उरतो, कारण त्याच्या घरी वावर नाही. तो मजुरीला जातो, म्हणजे तोही नाही. पोरींची टीम करायची म्हटलं तर एसटी आडवी येते. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या पोरींना शाळेचा प्रवास फुकट आहे, फार चांगली योजना. फक्त शाळा सुटते तेव्हाच गाडी निघते, आणि सरावही शाळा सुटल्यावरच असतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला की स्ट्रायकर पळते, तेही फाटकाच्या दिशेनं. तिचा वेग तेव्हा पाहावा, राष्ट्रीय स्तराचा असतो.

मग पालक जागे होतात. "सर, आमच्या पिंट्याचं नाव टाकून द्या नं टीममध्ये." खेळतो का? "खेळते कुठं बापा, पण दहावीला गुण भेटते म्हणे." खेळाच्या सवलतीच्या गुणांनी आपल्याकडे जेवढे खेळाडू तयार केले, तेवढे कोणत्याही प्रशिक्षकानं केले नसतील. त्यांची एकच कमतरता, त्यांना मैदानावर न्यायची गरज पडत नाही.

एवढं सगळं होऊन संघ स्पर्धेला जातो. अकरा जण कसेबसे जमतात, त्यातले तिघं कबड्डीतून उसने. समोरचा संघ आलेलाच नसतो, कारण त्यांचे सर बीएलओ, म्हणजे मतदारयादीच्या कामावर आहेत. आपल्याला पुढे चाल. पुढच्या फेरीतही पुढे चाल. अशा रीतीनं एकही लाथ न मारता संघ उपांत्य फेरीत पोचतो आणि तिथं रोज सराव करणाऱ्या एका शाळेकडून सहा गोल खाऊन परततो. चौकात फ्लेक्स लागतो: 'उपांत्य फेरीत धडक! हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्सवर संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, तीन भावी नेते आणि खाली कोपऱ्यात टिकलीएवढे अकरा खेळाडू. सर नाहीत. फोटो त्यांनीच काढलेला असतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकाल लागतो: "या सरात दम नाही बे. मागचे सर लय कडक होते." मागच्या सरांच्या वेळीही हेच म्हणत.

तेव्हा गावानं एकदा ठरवावं, नुसतं पाहायचं की काही करायचं. 'झुंड' पाहताना आपण शिट्ट्या मारल्या. ज्यांच्यावरून तो सिनेमा आला, ते नागपूरचे विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षकच होते. २००१ साली पावसात पोरं फुटकी बादली लाथाडताना दिसली, त्यांनी चेंडू आणून दिला. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कोणी सांगत नाही: ते दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही गेले, पुढे निवृत्तीच्या पैशातून पोरांसाठी जमीन घेतली. चेंडू देणं हा सिनेमातला सीन आहे. काम म्हणजे दुसऱ्या दिवशी जाणं. तिथं त्यांना कोणी तांदूळ मोजायला बोलावलं नाही, हेही नशीबच.

विदर्भाला खेळ शिकवणं नवं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली. बीपीएड करून बाहेर पडणारी आपली कितीतरी पोरं त्याच अंगणातली. शिकलेला माणूस आपल्याकडे आहे. शिकवायची मुभा नाही.

आणि पैसा ओतला की झालं, असंही समजू नका. अमेरिकेत टेक्सासमधल्या अ‍ॅलन गावानं २०१२ मध्ये आपल्या हायस्कूलसाठी स्टेडियम बांधलं. त्यांचा फुटबॉल निराळा, हातात धरून पळायचा. खर्च सहा कोटी डॉलर, बसायची सोय १८ हजार माणसांची. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि ते दुरुस्तीला बंद ठेवावं लागलं. भेगांच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत. फरक इतकाच की तिथं मैदान बंद पडल्यावर प्रशिक्षकाला मतदारयादी दिली नाही. संघ दुसऱ्या मैदानांवर जाऊन खेळत राहिला.

म्हणून संस्थाचालक, हेडसर, पालक आणि टपरीवरचे तज्ज्ञ, सगळ्यांना विनंती. नव्या सरांकडे ट्रॉफी तीन वर्षांनी मागा. तोवर त्यांना तीनच गोष्टी द्या: तोच माणूस, तीच जागा, तीच वेळ. पैसा यात फारसा नाही, पिनेपुरता आहे. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. आपल्या हेडसरांना तेवढं कोणी सांगत नाही. घर राहू द्या. पीटीचा तास तेवढा गणिताकडे गहाण टाकू नका.