बेंबळा धरणावरचा सत्यवादी

बाभुळगाव तालुक्यात गळ टाकणारा माणूस ओळखायला हातात गळ दिसावा लागत नाही. मोटारसायकलच्या हँडलला लटकणारी पिशवी, तिच्यात एका डब्यात कणकेचा गोळा, दुसऱ्यात ओल्या मातीसकट गांडुळं, पोटरीपर्यंत वाळलेली काळी माती आणि चेहऱ्यावर ‘सहज निघालो होतो’ असा भाव, एवढं पुरतं. चहाच्या टपरीवर कोणी ‘कुठं लागते आजकाल?’ असं विचारलं की त्याचा हात लगेच एका दिशेला उठतो. ‘तिकडे पाय ना भाऊ, भिंतीच्या अंगानं. लय मासोया हायेत.’ एवढं सांगून तो नेमका उलट्या बाजूला निघतो. तालुक्याने त्याच्यावर दोन शिक्के मारले आहेत: एक रिकामटेकडा, दुसरा खोटारडा. पहिल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो स्वतःही घालत नाही. दुसरा मात्र निखालस अन्याय आहे.

त्याची साक्ष पाणीच देतं. वर्धेला मिळणाऱ्या बेंबळा नदीवर खडकसावंग्याजवळ धरण झालं आणि तालुक्याला न मागता एक किनारा मिळाला. पण हा किनारा समुद्रासारखा जागच्या जागी भरती-ओहोटी खेळणारा नाही. पावसाळ्यात धरण भरतं, मग कालव्यातून शेतीला आणि नळातून यवतमाळ शहराला पाणी जातं, उरलेलं ऊन पिऊन टाकतं. बुडीत जमीन सपाट असली की पाणी हातभर उतरलं तरी काठ कितीतरी पुढे सरकतो. दिवाळीत जिथे गळ बुडत होता, तिथे फाल्गुनात गाळपेराचं पीक उभं असतं आणि शेतकरी गळवाल्याकडे चोर आल्यासारखा पाहतो. अशा ठिकाणी जागेचा पत्ता देणं म्हणजे चालत्या एसटीतल्या माणसाचा पत्ता देण्यासारखं आहे. खरा पत्ता सांगितला तरी ऐकणारा पोचेपर्यंत तो खोटा ठरणार. गळवाला फक्त मधला वेळ वाचवतो आणि सुरुवातीलाच खोटा सांगतो.

आता त्याची विद्या पाहा. अमेरिकेत काठावरून गळ टाकणाऱ्यांना बास माशाचं वेड आहे. बाभुळगावात ती गादी मरळ चालवते. दोघांचा स्वभाव एकच: उथळ पाण्यात, झुडपाआड दबा धरून बसायचं आणि समोरून जाणारं गिळायचं. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे, त्यामुळे ती अधूनमधून वर येऊन हवा घेते आणि पाण्यावर उमटलेल्या त्या एका वर्तुळात गळवाल्याला तिचा मुक्काम कळतो. बुडालेल्या बाभळींचे खुंट, जुन्या शेतांचे धुरे, गाडरस्त्याची चाकोरी, नाल्याचं तोंड या तिच्या आवडीच्या जागा. म्हणून आपला नायक पुनर्वसन झालेल्या गावातल्या म्हाताऱ्यांपाशी बसतो आणि कोणाची विहीर कुठे होती, पांदण कुठून जायची, हे बारकाईने विचारतो. म्हाताऱ्यांना वाटतं, पोराला गावाची माया आहे. तीही असते, पण तिच्या टोकाला गरी बांधलेली असते. आणि हा नाद आजचा नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजांच्या करमणुकी सांगताना मासे गळाला लावण्यावर वेगळं प्रकरण घातलं, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं हेही लिहिलं. म्हणजे रिकामटेकडेपणाला राजमान्यता आहे.

यावर पहिला आक्षेप घरातून येतो: पेट्रोल जाळून, दिवस घालवून आणायचं ते बाजारात स्वस्त मिळतं. हिशोब बरोबर आहे, पण तो माशाचा आहे. दिवसभर कोणी हाक मारणार नाही अशा जागेचा भाव बाजारात कोणी लावलेला नाही. दुसरा आक्षेप तरुण काढतात: मोबाइलच्या नकाशावर सगळा काठ दिसतो, मग लपवालपवी कशाला? नकाशात दिसतं ते कुठल्यातरी दिवशीचं पाणी. त्याच्या भरवशावर निघालेला माणूस ओल्या काळ्या मातीत गुडघ्यापर्यंत रुततो, हे नकाशात दिसत नाही. तिसरा आक्षेप स्वार्थाचा. पण जागेचा बोभाटा झाला की गळवाल्यांच्या आधी करंटवाले आणि जिलेटिनवाले पोचतात. स्फोटकं आणि विष घालून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्याने बंदी आणली. काठावर मात्र आजही ती जागेच्या गुप्ततेनेच जास्त पाळली जाते.

चौथ्या आक्षेपापाशी मात्र आपल्या सत्यवाद्याची जीभ अडखळते. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. भोई आणि ढिवर कुटुंबं त्यावर जगतात, कटला-रोहूचं बीज पैसे मोजून सोडतात. यावर तो वकिली करतो: ‘मरळ काय संस्थेनं सोडली काय?’ युक्तिवाद चटकदार आहे, पण टिकणारा नाही. एक तर ती मरळ संस्थेच्या बीजावरही पोसलेली असते. दुसरं म्हणजे ठेका पाण्यातल्या मासेमारीचा असतो. कोणता मासा कोणाच्या खर्चाने आला, याचा निवाडा काठावर होत नाही. राहिली मरळीची बाजू. शेजारच्या तेलंगणाने तिला राज्यमासा केलं. महाराष्ट्राने तो मान पापलेटला दिला, ज्याचा समुद्र विदर्भाने फक्त सहलीत पाहिलेला असतो. त्यामुळे इकडे मरळीचा कैवार घेणारा गळवालाच उरतो, आणि कैवार घ्यायचा तर नियमही पाळावे लागतात.

तेव्हा बेंबळा धरणावर जायचंच असेल तर आधी संस्थेच्या माणसाची परवानगी घ्या. पाण्यावर मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात आणि ते गेले की थवा दुसऱ्यांच्या पोटात जातो. पावसाळ्यात दरवाज्यांच्या खालच्या पात्रात उभं राहू नका. आणि गळवाला भेटला तर त्याला जागा विचारू नका, पाणी किती उतरलं ते विचारा. याचं उत्तर तो नेहमी खरं देतो.