सागकाका

बंगळुरातल्या मराठी माणसाला पन्नाशीच्या आसपास काहीतरी एक होतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी घरी पाव भाजतो, कुणी कूर्गला कॉफीची दोन एकर घेतो आणि ती बघायला कधी जात नाही. आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीतल्या सागकाकांना डेक झाला.

काका मूळचे चंद्रपूरचे. नाव त्यांना सोसायटीतल्या पोरांनी दिलं आणि आता वॉचमनही तेच वापरतो. फ्लॅट सगळ्यांत वरचा, पुढे ऐसपैस उघडी गच्ची. मध्यंतरी कंपनीने त्यांना न्यू जर्सीला पाठवलं होतं, तिथे घराघराच्या मागे लाकडी डेक बघून आले. कोनी आयलंडला लोक समुद्र बघतात. काका तिथल्या लाकडी फरसबंदीवर गुडघे टेकून बसले आणि बोटाच्या पेराने फळी वाजवून पाहिली. काकूंकडे फोटो आहे. मागे समुद्र आहे, पण फोटोत काकांची पाठच जास्त.

परत आल्यावर गच्चीवर फळ्या बसल्या. लाकडी कठडा मात्र बसेना, कारण कठडा लोकांच्या नजरेत येतो आणि जे नजरेत येतं त्याचं कूळ माहीत पाहिजे, असं काकांचं म्हणणं. मुलीला स्थळ बघावं तसं ते लाकूड बघतात. मुलगा कसा आहे हे नंतर, आधी मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं, इकडे कधी आले. साग म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न तयार: नीलांबूरचा, दांडेलीचा, की बल्लारशाचा? घानाचा साग हे त्यांच्या लेखी बाहेरचं स्थळ. लागवडीतलं झाड लवकर तोडतात, गाभा कमी आणि भोवतीचं पांढरं लाकूड जास्त, आणि वाळवीला नेमकं ते पांढरंच आवडतं. हे सगळं खरं आहे. काकांचं दुखणं हेच की त्यांचं सगळं खरं असतं.

शनिवारी ते म्हैसूर रोडच्या टिंबर यार्ड लेआउटला जातात. मारतहळ्ळीहून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तेवढ्या वेळात माणूस मुंबईला विमानाने जाऊन पोहे खाईल. तिथले कच्छी शेठ त्यांना लांबूनच ओळखतात आणि पोऱ्याला चहा सांगतात.

"साब, ये बर्मा है."

"म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ ला बंद केली, शेठ."

"ये उसके पहले का है."

शेठकडचं 'उसके पहले का' काही अजून संपलेलं नाही.

काकांनी त्यातला एक तुकडा विकत घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसला इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत घेऊन गेले. तिथे लाकडाची ओळख पटवून देतात. भिंगाखालच्या छिद्रांवरून आणि वलयांवरून झाड कुठलं ते कळतं. ते कुठल्या देशात वाढलं हे मात्र छिद्रं सांगत नाहीत. तुकडा साग निघाला. काका पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. "जात कळली, गाव नाही कळलं."

ईपेचा प्रयोगही झाला. ब्राझीलचं हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. काकांनी अमेरिकेहून बॅगेतून वीतभर तुकडा आणला होता. येईल त्या पाहुण्याला ते न्हाणीघरात नेत आणि बादलीत तो बुडवून दाखवत. आमच्या सौभाग्यवतींना हळदीकुंकवाच्या आधी दाखवला. पण ईपेला स्क्रू सरळ जात नाही, आधी ड्रिल मारावं लागतं, ड्रिलची पातीही बोथट होतात. आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या परवान्यांखाली गेला. काकांनी जड मनाने स्थळ नाकारलं. तो तुकडा आता काकूंनी वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावला आहे. त्या लाकडाचा मारतहळ्ळीत झालेला एवढाच उपयोग.

मग गच्चीच्या भिंतीवर पट्ट्यांची रांग लागली. नीलांबूर, दांडेली, बल्लारशा, घाना, होन्ने (म्हणजे काकांच्या चंद्रपुरातला बीजा), जांभा आणि मलेशियाचं मेरबाऊ. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. बंगळुरात पावसाळा नावापुरता संपतो आणि परतीच्या वाऱ्यांबरोबर पुन्हा सुरू होतो, तेव्हा परीक्षा दोन सत्रांत. ऊनपावसाने साग करडा पडला. काका त्याला 'रुपेरी छटा' म्हणत, काकू 'बुरशी'. मेरबाऊने मात्र पहिल्याच मोठ्या पावसात रंग दाखवला. त्या लाकडात टॅनिन भरपूर, ते पाण्याबरोबर लाल-तपकिरी होऊन वाहतं. ते वाहत खालच्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मांच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर उतरलं. अम्मा वर आल्या. काकांनी त्यांना टॅनिन समजावून सांगायला सुरुवात केली. काकूंनी चादरी नव्या आणून दिल्या.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून, म्हणजे बल्लारशाहूनच, आलापल्लीचा साग निघाला, तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. मग कठड्याला तोच का नको, असं मी विचारलं. "घरचा म्हणून झुकतं माप द्यायचं नाही," म्हणाले. पट्ट्यांच्या परीक्षेच्या तक्त्यात बल्लारशाचे दोन मार्क त्यांनी मुद्दाम कापले होते.

शेवटी काकूंनीच बिकानेरकडचा एक सुतार बोलावला. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि ट्रिंकोमालीपासून सुरुवात केली: मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज, १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. "जहाज पे देखभाल करनेवाले कितने आदमी थे, साब?" काकांच्या तक्त्यात हा रकाना नव्हता.

मग त्याने नमुना म्हणून केलेली कठड्याची वरची पट्टी भिंतीवर ठेवली आणि तिच्यावर मगभर पाणी ओतलं. पाणी तिथेच थांबलं. काकांनी ती पट्टी चहाचा कप ठेवता यावा म्हणून सपाट, चांगली हातभर रुंद सांगितली होती. मिस्त्री पाण्याकडे बघत राहिला. "आपने लकडी देखी साब, पानी नहीं देखा." वरून उतार हवा, टोकं बंद हवीत कारण लाकूड तोंडाने पाणी पितं, आणि खांब फरशीवर टेकवायचा नाही, खाली लोखंडी बूट घालून अर्धा इंच उचलायचा. एवढं केलं तर बल्लारशाही टिकेल आणि घानाही, फक्त गाभा द्या, सफेदी देऊ नका.

काका गप्प झाले. मग एकदम उजळले. "अरे, हा तर वाड्यातला तळखडा! खांबाखालचा दगड! शनिवारवाड्याचा साग जुन्नरच्या जंगलातून आला होता..." अर्ध्या इंचालाही घराणं मिळालं आणि प्रश्न मिटला. बल्लारशाचे कापलेले दोन मार्क त्याच संध्याकाळी परत देण्यात आले. कपासाठी वेगळं स्टूल घ्यायचं ठरलं.

काम सुरू झालं त्या दिवशी मिस्त्रीने पेन्सिल हातात घेऊन विचारलं, उतार आत द्यायचा की बाहेर? काका दोन्ही बाजूंचा विचार मांडू लागले.

"आत," काकू म्हणाल्या. "गच्ची मी पुसेन. अम्मांच्या चादरी नाही आणणार."

काकांनी हरकत घेतली नाही. त्यांचं लक्ष पॉलिशला आणलेल्या जवसाच्या तेलाच्या डब्याकडे होतं. डबा ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघत होते. जवस कुठल्या जिल्ह्यातला, ते त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं.