उष्णबिंदु-अभाव-मीमांसा

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची परिपाटी आहे. ती येथेही पाळू. विषय : भ्रमणध्वनीतील उष्णबिंदू, ज्यास लोकव्यवहारात हॉटस्पॉट म्हणतात, त्याचे अकस्मात नाहीसे होणे. प्रयोजन : त्याची पुनःस्थापना. अधिकारी : ज्याच्या घरचे वायफाय बंद आहे, ज्याची मीटिंग सुरू झालेली आहे आणि ज्याच्या कुटुंबातील अन्य कोणाच्या तरी मोबाइलमध्ये डेटा शिल्लक आहे, अशा तिन्ही लक्षणांनी युक्त जीव. संबंध तुटलेला असतो. म्हणूनच शास्त्र प्रवृत्त होते.

आता लक्षण. स्वतःच्या सिमकार्डाने मिळवलेले इंटरनेट परक्या यंत्रास बिनतारी वाटणारा तो उष्णबिंदू. 'सिमकार्डाने' हे पद घातल्याने घरच्या राउटरची व्यावृत्ती होते, 'परक्या' या पदाने सामान्य मोबाइलची. 'बिनतारी' हे पद केबलने केलेल्या टेदरिंगवर अतिव्याप्ती होऊ नये म्हणून योजले आहे.

"हॉटस्पॉट गेला" असे सामान्य जन म्हणतात. हे विधान एक नसून चार आहेत. अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात 'तर्कसंग्रहा'त अभाव चतुर्विध सांगितला. तेथील उदाहरणे घटाची व पटाची आहेत, परंतु विभागणी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जशीच्या तशी लागू पडते.

१. प्रागभाव. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत "चालू केलाय गं, बघ" असे म्हणणाऱ्या पतीने बहुधा तो चालू केलेला नसतो. आयफोनमध्ये हॉटस्पॉटचे पान उघडे धरून बसावे लागते, अन्यथा दुसऱ्या यंत्रास त्याचे दर्शन घडेलच असे नाही. चिकित्सा स्पष्ट आहे.

२. अत्यंताभाव. भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळी असणारा अभाव. (प्रध्वंसाभावाचा क्रम दुसरा असता तो शेवटी नेला आहे, कारण विवाद तेथेच आहे.) ज्या जुन्या लॅपटॉपला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच तेवढा ठाऊक आहे, त्याच्यासाठी ५ गिगाहर्ट्झवर नांदणारा उष्णबिंदू कधी नव्हता, नाही आणि होणार नाही. दोन्ही यंत्रे एकाच चटईवर असली तरी फरक पडत नाही. पहिल्या पट्ट्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याच्या सुमारे सहा. लांब लहर भिंत ओलांडते, आखूड लहर वेगवान परंतु भिंतभीरू असते. यावरून घाटकोपरच्या चाळीतले 'भित्तिभेदवादी' व अंधेरीच्या वन-बीएचकेतले 'सामीप्यवादी' असे दोन पक्ष पडले. आयफोन १२ पासून पुढे 'मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी' नावाची कळ आहे. ती दाबली की उष्णबिंदू २.४ वर उतरतो आणि अत्यंताभाव संपतो. अत्यंताभाव संपतो कसा, हा आक्षेप सामीप्यवाद्यांनी घेतला आहे व तो रास्त आहे.

३. अन्योन्याभाव. घट हा पट नव्हे, हे त्याचे रूप. एकाच मजल्यावरील दोन कुटुंबांनी एकाच कंपनीचे एकच मॉडेल घेतले आणि नाव बदलले नाही, म्हणजे यादीत दोन समान नामे दिसतात. लॅपटॉप पासवर्ड नाकारतो. कर्ता मोबाइलला दोष देतो. "माझा हॉटस्पॉट हा शेजारचा हॉटस्पॉट नव्हे" हे ज्ञान फार उशिरा होते. याचाही एक सूक्ष्म उपप्रकार आहे. पासवर्डास किमान आठ अक्षरे लागत असल्याने एकपासून आठपर्यंतचे अंक ओळीने लिहिण्याची परंपरा उपनगरांत दृढ आहे. दोन्ही घरी ती पाळली गेली असता जोडणी निर्विघ्न होते आणि अभावाची प्रतीती कर्त्यास न होता शेजारच्या काकूंना होते.

४. प्रध्वंसाभाव. उत्पन्न झालेल्याचा नाश. कोणी जोडलेले नसले की अनेक अँड्रॉइड मोबाइल काही मिनिटांत उष्णबिंदू स्वतःहून मिटवतात. चिकित्सेविषयी चार संप्रदाय आहेत. बोरिवलीचे आवर्तनवादी बंद करून पुन्हा चालू करतात. मुलुंडचे विमानमार्गी फ्लाइट मोड लावून दहापर्यंत मोजतात. विमानतळ अंधेरीच्या कुशीत असता हा मार्ग मुलुंडला का रुजला, याचा उलगडा झालेला नाही. घाटकोपरचे विस्मरणवादी लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावून नव्याने परिचय करून देतात. अंधेरीचे संहारवादी नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करतात, ज्यात साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड व ब्लूटूथच्या जोड्याही जातात. गृहस्थाश्रमीयाने हा मार्ग पत्नीच्या अनुमतीवाचून पत्करू नये.

मुख्य विवाद मात्र रोज दीड जीबीच्या पॅकविषयी आहे. न्यायमतानुसार प्रध्वंसाभावास आदि असतो, अंत नसतो; फुटलेला घट पुन्हा होत नाही. परंतु दुपारी चारला संपलेला डेटा रात्री बाराला परत येतो, हे मुलुंडच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध केले आहे. यावर नैयायिकांचे उत्तर असे, की परत आला तो कालचा डेटा नव्हे; कालचा गेला तो कायमचाच गेला, आज मिळाला तो नवा घट. विद्यार्थी विचारतात, मग संपल्यानंतर ६४ केबीपीएसने चालणारे ते काय? ती गती आहे की अगती? एक पक्ष त्यास घटाची खापरे म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते त्या गतीत एक छायाचित्र उघडेपर्यंत घट नवा मिळालेला असतो, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. सोसायटीच्या जिन्यात मांडल्या जाणाऱ्या या वादाचा निर्णय रोज रात्री बारापर्यंत स्थगित ठेवण्याचा प्रघात आहे.