सिंह अजून भेटले नाहीत

बुकोब्याजवळ, कागेरा, टांझानिया
नोव्हेंबर अखेर

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आगाशीहून निघताना बाबांनी सिंहांबद्दल दिलेल्या सगळ्या सूचना आम्ही पाळतो आहोत. अडचण एवढीच, की सिंहच सहकार्य करत नाहीत. इथे दवाखान्याच्या दारापासून पार टेकडीच्या माथ्यापर्यंत केळीच केळी, मधूनमधून कॉफी आणि तिच्या सावलीला घेवडा. हिंस्र प्राणी म्हणाल तर डास. तो चावतो, आम्ही बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर टाकतो आणि रेघ उमटायची वाट बघतो. यातच माझा अर्धा दिवस जातो. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत शोधून काढलं. सव्वाशे वर्षं उलटली, पण डासाला ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

औषध चांगलं आहे. मोठ्या माणसाला एकूण २४ गोळ्या, चार-चार करून सहा वेळा, तीन दिवसांत. दुसरी मात्रा पहिलीनंतर आठ तासांनी. ऐकायला सोपं वाटतं ना? आता घड्याळ ऐका. इथला दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक, नऊ म्हणजे तीन. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सूर्यही बारा महिने जवळपास एकाच वेळी हजर. त्यांच्या हिशेबात काडीची चूक नाही. पण मी सकाळी दहाला पहिली मात्रा देऊन ‘पुढची सहाला घ्या’ म्हटलं, तर पेशंट ती भर दुपारी बाराला घेऊन मोकळा होईल. म्हणून थोरल्या सिस्टर माझ्या शेजारी उभ्या असतात. मी ‘सहा’ म्हणते, त्या ‘बारा’ म्हणतात, पेशंट मान डोलावतो आणि माझ्याकडे दयेने बघतो. एवढी शिकलेली बाई, वेळ सांगता येत नाही!

त्याहून मोठी परीक्षा नमस्कार-चमत्कारांची. ‘काय होतंय?’ असं एकदम विचारणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. आधी सकाळ कशी, घर कसं, पोरं कशी, काम कसं हे सगळं विचारायचं आणि प्रत्येकाला उत्तर येतं ‘न्झुरी’, म्हणजे छान. परवा एका बाईंना दोघांनी धरून आणलं, अंगात १०४ ताप. सकाळ न्झुरी, घर न्झुरी, पोरं न्झुरी. मग जरा थांबून, जसं काही माझी गैरसोय होऊ नये म्हणून, ‘पण चार दिवस थंडी वाजते आहे.’ बाहेर रांग वाढतच असते, पण रांगेतलं कोणी कुरकुरत नाही, कारण प्रत्येकाला आपल्या वाट्याची विचारपूस हवी असते.

तुमचे चिरंजीव मजेत. नेट असेल तेव्हा मुंबईच्या कंपनीचं काम करतात, नसेल तेव्हा गावाचं. इथल्या मिनीबसमध्ये माणसं, कोंबड्या आणि पोती यांत भेदभाव नसतो. पहिल्याच दिवशी हे त्यात असे काही शिरले, एका हाताने दांडी, अर्ध्या बुडाने सीट, की कंडक्टर बघतच राहिला. विरार फास्टची इतक्या वर्षांची तपश्चर्या कुठेतरी फळाला यायचीच होती.

जेवायला कच्ची केळी. सोलून, घेवड्याबरोबर शिजवलेली, रोज. ह्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून वसईचं केळीपुराण ऐकवलं: आमच्या वाड्या, राजेळीचे लोंगर, पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी. मंडळींनी अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एका आजोबांनी काळजीने विचारलं, ‘सगळी केळी अशी खाऊत संपवता, मग जेवता काय?’ ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. हाया लोकांकडे पाहुण्याला पानाऐवजी शिजवून वाळवलेले कॉफीचे दाणे चघळायला देतात, तेही आले. ह्यांची नजर तबकात चुना शोधत होती. मी डोळे वटारले.

आई, आता बसून वाचा. तुमची नात नाकतोडे खाते. पावसाच्या दिवसांत रात्री दिवा लावला की हिरव्या नाकतोड्यांचे थवे येतात, त्यांना सेनेने म्हणतात. पंख आणि पाय खुडायचे आणि परतायचे. शेजारच्या आजींबरोबर ती खुडायला बसते तेव्हा कोलंबी सोलणाऱ्या तुम्हीच दिसता. मीही चव घेतली. काय सांगू, थोडं तिखट-मीठ पडलं असतं तर दुसऱ्यांदा मागितले असते.

आणि बुकोब्याच्या बाजारात डागाच्या राशी! व्हिक्टोरिया सरोवरातली ही बोटभर चंदेरी मासळी, काठावर वाळवलेली. तो वास नाकात जाताच चिरंजीवांच्या डोळ्यांतून पाणी. मी डॉक्टर, मला ॲलर्जी वाटली. ते म्हणाले, ‘अर्नाळा.’ दोन किलो घेतली. शेजाऱ्यांना कांदा-कोकम घालून केलेलं दिलं, तर भांडं चाटूनपुसून परत आलं, त्यात चार कच्ची केळी.

त्यामुळे कोकम संपलं. बुकोब्याचे एक गुजराती दुकानदार जानेवारीत मुंबईला येताहेत, त्यांच्याकडे कोकम आणि गोडा मसाला द्या. केळ्यांचे वेफर्स देऊ नका, माझ्यावर उपकार होतील.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
सूनबाई

ता. क. बाबा, फोनवर रक्तदाब विचारला की तुम्ही ‘मस्त आहे’ म्हणता. माझे इथले पेशंटही तसंच म्हणतात. वही उघडा आणि वरचा-खालचा आकडा वाचून दाखवा.